दहा कोंबड्या आणि लिटरभर पाणी

कोकणात आजही एखादी हट्टी गावठी कोंबडी संध्याकाळ झाली की खुराड्याकडे पाठ फिरवते आणि फणसाच्या फांदीवर जाऊन बसते. मालकीण वैतागते, पण कोंबडीचं फार चुकतं असं नाही. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडी रानकोंबडी. सह्याद्रीत दिसते ती राखी रानकोंबडी तिची चुलत बहीण, आणि तिचाही अंश आपल्या कोंबड्यांत आहे: कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग तिच्याकडून आला, असं २००८ साली जनुकीय अभ्यासातून दिसलं. या दोघीही रात्र झाडावर काढतात. फांदीवर जागेची चणचण नसते, हवेचा तोटा नसतो. धोका असतो तो रानमांजराचा आणि उदमांजराचा.

त्या धोक्यापायी आपण खुराडं बांधतो, आणि बांधताना डोक्यात फक्त तोच धोका असतो. चार भिंती, वर पत्रा, वाकून हात घालता येईल एवढं दार, आणि फट दिसेल तिथे मातीचा गोळा. रानमांजर बाहेर राहतं खरं, पण पहिल्याच पावसाळ्यात आतल्या कोंबड्यांची घरघर सुरू होते.

परसात कोंबड्या पाळू पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: एवढ्या जागेत किती मावतील? मावायचं म्हटलं तर डालग्याखाली आठ कोंबड्या मावू शकतात, आणि बाजाराच्या दिवशी मावतातही. विचारायला हवं ते वेगळं. संध्याकाळी सहाला आत गेलेल्या कोंबड्या सकाळी सहाला बाहेर येईपर्यंत त्यांनी आत सोडलेलं पाणी कुठे जातं?

हा पाण्याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. दहा कोंबड्या धरल्या तर दोन-अडीच लिटर. यातलं थोडं पाणी अंड्यातून बाहेर जातं, एका अंड्यात जेमतेम ४० मिलिलिटर, आणि गावठी कोंबडी काही रोज अंडं देत नाही. उरलेलं सगळं विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडतं. एक कोंबडी दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. दिवसाचे निम्मे तास कोंबड्या आत असतात. म्हणजे दहा कोंबड्यांच्या खुराड्यात रोज रात्री ढोबळमानाने लिटरभर पाणी सांडतं. कोणी भांडं उपडं केलेलं दिसत नाही, एवढंच.

हे पाणी बाहेर न्यायला हवेशिवाय दुसरा हमाल नाही. आता जुलैतली कोकणातली हवा घ्या. तापमान २५ अंश, आर्द्रता नव्वद टक्के. २५ अंशांच्या एका घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम बाष्प मावतं आणि त्यातली नव्वद टक्के जागा आधीच भरलेली. आणखी दोन-सव्वादोन ग्रॅम उचलले की ती हवा भरली. या हिशेबाने लिटरभर पाणी उचलायला चारशेहून जास्त घनमीटर हवा लागेल. पाच फूट रुंद, आठ फूट लांब, सहा फूट उंच खुराड्यात हवा असते सातेक घनमीटर. म्हणजे एका रात्रीत आतली सगळी हवा साठ वेळा बदलायला हवी, तासाला पाच वेळा. कोंबड्यांच्या अंगची ऊब आतली हवा थोडी तापवते, तापलेली हवा थोडं जास्त बाष्प धरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा काहीसा खाली येतो. पण दाराच्या फटीतून आणि वीटभर झरोक्यातून हे काम होणार नाही, हे कळायला एवढं गणित पुरेसं आहे.

जे पाणी हवेत जात नाही ते गादीत मुरतं. गादी म्हणजे खाली पसरलेलं भाताचं तूस, लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफलं. कोंबडी मूत्र वेगळं टाकत नाही. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे तिचं युरिक आम्ल. गादी कोरडी असेल तर हे आम्ल मुकाट पडून राहतं. गादी ओली झाली की सूक्ष्मजीव त्याच्यावर तुटून पडतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे वीस-पंचवीस भाग झाले की माणसाच्या नाकाला तो स्पष्ट जाणवतो, आणि साधारण याच पातळीला कोंबडीच्या श्वासनलिकेतली बारीक केसाळ झालर निकामी व्हायला लागते. धूळ आणि जंतू बाहेर लोटणारी ही झालर गेली की एरवी पचून गेला असता असा संसर्गही फुफ्फुसापर्यंत उतरतो. डोळे पाणावतात, शिंका येतात, अंडी कमी होतात. मालक औषधाच्या दुकानात जातो.

वास तपासायचा तर पहाटे, दार उघडण्याआधी, आणि खाली वाकून. तुमचं नाक पाच फुटांवर असतं, कोंबडीचं फूटभर उंचीवर, आणि अमोनिया तयार होतो जमिनीलगत. शिवाय रोज त्या वासात वावरणाऱ्याचं नाक मरतं. त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्याला एकदा खुराड्यापाशी न्यावं. तो नाकाला रुमाल लावतो की नाही ते पाहावं. गादीची परीक्षा त्याहून सोपी आहे. मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर भुगा सुटला तर ठीक, लाडू वळला तर पाणी जास्त झालं. ओल्या गादीवर चुना भुरभुरण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. चुना ओल शोषतो हे खरं, पण तो गादी अल्कधर्मी करतो आणि अल्कधर्मी गादीतून अमोनिया जास्त सुटतो. म्हणून चुना टाकल्यावर वास कमी होण्याऐवजी भपकाच येतो. कोंबड्या आत असताना तो टाकू नये. ओली गादी खरवडून काढून कोरडं तूस घालणं हाच सरळ उपाय. तो दर आठवड्याला करावा लागत असेल तर दोष गादीत नसून भिंतीत आहे.

भिंती उघडायच्या म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं थंडीचा मुद्दा काढतात. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, कोंबड्या गारठून मरणार नाहीत का? मोठ्या कोंबडीच्या बाबतीत ही भीती जवळजवळ निराधार आहे. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि अंगावर पिसांची दुलई असते. मध्यम वजनाच्या दहा कोंबड्या मिळून जुन्या शंभर वॉटच्या बल्बइतकी ऊब टाकतात. कोरड्या हवेत आपल्याकडची थंडी त्या सहज काढतात. त्यांना मारते ती ओल. थंडीत खुराड्याला चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं की श्वासातलं बाष्प तासाभरात आतली हवा भरून टाकतं, पत्र्याला आतून घाम फुटतो आणि ते थेंब पिसांवर पडतात. ओलं पीस ऊब धरत नाही.

अमेरिकेत हा वाद शंभर वर्षांपूर्वी झाला. तिथल्या बर्फाळ भागातही खुराडी पुढच्या बाजूने पूर्ण उघडी ठेवा, असं प्रिन्स टी. वुड्स नावाचा डॉक्टर सांगत होता. १९२४ साली त्याने मोकळ्या हवेच्या कोंबडीघरांवर पुस्तकच काढलं. खोलगट घर, तीन बाजू बंद, पुढची जाळीची, आणि कोंबड्यांच्या बसायच्या दांड्या मागच्या भिंतीशी, म्हणजे वारा कोंबड्यांपर्यंत थेट पोचणार नाही. त्याचा आराखडा आजही वापरतात. बर्फात जे चालतं ते नाशकात चालायला हरकत नसावी.

यात एक अट मात्र आहे. खेळती हवा हवी, पण रात्री अंगावर थेट झोत नको. गार वाऱ्याचा झोत पिसं उचकटतो आणि पिसांखालची ऊब पळवून नेतो. म्हणून हिवाळ्यात उघडी जागा बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर आणि पायांच्या खाली असावी, मधला पट्टा गोणपाटाने झाकावा. आतली उबदार दमट हवा वर चढते, छपराखालच्या फटीतून निघून जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. पंखा लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती फक्त वरची वाट. जुन्या कौलारू गोठ्यांत ही वाट आपोआप असायची, कारण कौलांच्या सांध्यांतून हवा निघते. पत्रा आला आणि ती वाट बुजली. पत्रा भिंतीवर टेकवून बसवण्याऐवजी चार-सहा इंच वर उचलून मधे जाळी मारली की काम होतं. पिल्लांची गोष्ट अर्थात वेगळी. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, तीही दिव्याखाली आणि आडोशात. पण त्यांच्याही डोक्यावरची हवा कोंडलेली नको.

किती जागा उघडी ठेवायची? एका कोंबडीमागे निदान एक चौरस फूट जाळी, हा ठोकताळा परसातल्या खुराड्यांसाठी चांगला आहे, आणि आपल्या हवामानात तो किमान समजावा. माझं मत विचाराल तर लांब बाजूच्या दोन्ही भिंतींचा वरचा निम्मा भाग सरळ जाळीचा करावा आणि ऋतूप्रमाणे झाकावा-उघडावा. घर पूर्व-पश्चिम लांब असलं की लांब बाजू दक्षिणेला आणि उत्तरेला येतात, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत घुसत नाही. कोकणात आणि गोव्यात पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो, म्हणून दक्षिणेचं आणि पश्चिमेचं छप्पर दोन-तीन फूट पुढे काढावं आणि हवेसाठी भिस्त उत्तरेच्या बाजूवर ठेवावी. नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं पावसाळ्यात दक्षिणेला बांधली तर सर अडते आणि हवा गाळून आत येते. निळी ताडपत्री दोन्ही अडवते.

विदर्भात प्रश्न उलटा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापते आणि घशातलं पाणी वाफ करून अंग थंड ठेवते. तीस अंशांच्या पुढे ही धाप सुरू होते, चाळिशीच्या पुढे जिवावर बेततं, आणि चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. तिथे पत्र्यावर पऱ्हाटी, तुराट्या नाहीतर पाचटाचा जाड थर हवा, छप्पर उंच हवं, आणि दुपारी सावलीत सोडायची सोय हवी. जाळीला ओलं गोणपाट बांधण्याची युक्ती तिथे उत्तम चालते, कारण हवा कोरडी असते. कूलरचं तत्त्वही हेच. हीच युक्ती रत्नागिरीच्या दमट मे महिन्यात घातक ठरू शकते. हवा आधीच बाष्पाने जड असताना आणखी ओल वाढवली की धापणाऱ्या कोंबडीच्या घशातलं पाणी उडतच नाही, आणि थंड होण्याचा तिचा मुख्य मार्ग बंद होतो. समोरासमोर हवा वाहत नसेल तर ओलं गोणपाट बांधूच नये.

आता चौरस फुटांकडे वळू. युरोपीय संघाच्या नियमात, बाहेर हिंडणाऱ्या कोंबड्यांच्या घरात एका चौरस मीटरला जास्तीत जास्त नऊ कोंबड्या, म्हणजे एकीला सव्वा चौरस फुटाच्या आत-बाहेर जागा, शिवाय घराबाहेर प्रत्येकीला चार चौरस मीटर मोकळं अंगण. त्याच युरोपात २०१२ पर्यंत पिंजऱ्यातल्या कोंबडीला ५५० चौरस सेंटिमीटर जागा कायदेशीर होती. ही जागा झेरॉक्सच्या नेहमीच्या ए-फोर कागदापेक्षाही लहान. असे साधे पिंजरे त्या वर्षी तिथे बंद झाले. आपल्याकडे परसातल्या कोंबडीसाठी दीड ते दोन चौरस फूट सांगतात आणि दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यामागे, शेताच्या बांधावर हिंडणाऱ्या कोंबडीला रात्री टेकण्यापुरते ते पुरतात.

पण पावसाची आठ-आठ दिवसांची झड लागते तेव्हा? किंवा शेजाऱ्याने नुकतीच भाजी लावली म्हणून कोंबड्या सोडता येत नाहीत तेव्हा? गावात साथ आली म्हणून कोंडून ठेवाव्या लागतात तेव्हा? खुराड्याचं माप त्या दिवसांवरून काढायचं असतं. त्या दिवसांसाठी एकीला चार चौरस फूट हवेत. दहा कोंबड्यांना चाळीस, म्हणजे वर सांगितलेलं पाच बाय आठचं घर. ते शक्य नसेल तर दोन बाय दहाचं घर बांधून शेजारी छप्पर घातलेलं जाळीचं अंगण काढावं. पत्रा वाचतो, भिंती वाचतात आणि दिवसा तरी हवेचा प्रश्न उरत नाही.

जागा कमी पडली की कोंबड्या एकमेकींना टोचतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यामागे एक रीत आहे. थोरलेफ श्येल्डेरूप-एब्बे हा नॉर्वेजियन माणूस लहानपणापासून कोंबड्यांची निरीक्षणं वहीत टिपत असे. १९२० च्या सुमारास त्याने त्यांतून मांडलं की कळपात प्रत्येक कोंबडीची पायरी ठरलेली असते: वरची खालचीला टोचते, खालची सहन करते आणि आपल्याहून खालचीवर काढते. पायऱ्या ठरल्या की भांडणं मिटतात. मात्र त्यासाठी खालच्या कोंबडीला बाजूला सरकायला जागा लागते. ती नसेल तर वरचीला तिचा नमतेपणा दिसत नाही आणि टोचणी थांबत नाही. पाठीवर रक्त दिसलं की बाकीच्याही धावून येतात. म्हणून चौरस जागेइतकाच आडोशांचा विचार करावा. खाद्याची दोन भांडी दोन टोकांना, मधे एखादा ओंडका किंवा उलटी टोपली. एकाच भांड्यापाशी सगळ्यात खालची तलंग उपाशी राहते आणि मालक तिला किडकी समजतो.

दांड्यांचं माप लांबीत असतं. एका कोंबडीला आठ ते दहा इंच. दांडी दोन इंच रुंद, चपटी, कडा घासून गोल केलेली. म्हणजे कोंबडी बसते तेव्हा पिसांनी बोटं झाकली जातात. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर ठेवाव्या. उतरती शिडी दिसायला छान, पण रोज संध्याकाळी वरच्या दांडीसाठी मारामारी होते. वनराजा किंवा गिरीराज यांसारख्या अंगाने जड कोंबड्यांसाठी दीड-दोन फूट उंची पुरे, नाहीतर उतरताना पाय दुखावतात. हलकी गावठी याहून वरही खुशाल चढते. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांत एक खोकं, फूटभर लांब-रुंद, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांडीपेक्षा खाली. खोकं वर असलं तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि सकाळी अंडी घाण मिळतात.

राहता राहिलं रानमांजर. इतकी जाळी लावायची तर ती कोणती, याला महत्त्व येतं. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळते ती षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते; कुत्रं ती फाडतं आणि भोकं मोठी असली तर साप तिच्यातून येतो. खालच्या तीन फुटांत तरी अर्ध्या इंची वेल्डमेश हवी. मुंगूस आणि घूस जमिनीखालून येतात, म्हणून जाळी फूटभर खाली पुरावी किंवा कडेने बाहेर पसरून वर दगड रचावेत. डासांची बारीक जाळी लावणारे लोकही भेटतात. पिसांच्या धुळीने ती महिन्यात बुजते आणि भिंतच होते. साधी जाळीसुद्धा पंधरा दिवसांनी केरसुणीने झाडावी लागते. कुडाच्या आणि पऱ्हाटीच्या भिंतींतून हवा छान येते, पण त्यांच्या फटीत कोंबडीचे गोचीड दिवसभर दडून बसतात आणि रात्री रक्त पितात. तिथे वर्षातून दोनदा चुन्याची सफेदी द्यावी, कोंबड्या बाहेर काढून.

एक इशारा राणीखेतबद्दल. मानमोडी म्हणून गावोगाव ओळखला जाणारा हा विषाणूचा रोग चांगल्या हवेने टळत नाही, लशीनेच टळतो. ऐसपैस, हवेशीर खुराडं पाहून लस टाळणाऱ्याचा अख्खा कळप चार दिवसांत जातो. लस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी.

माप काढताना पुढच्या वर्षाचंही काढा. जूनमध्ये आणलेल्या दहा कोंबड्यांपैकी दोन जरी खुडुक बसल्या, तरी एकवीस दिवसांनी प्रत्येकीमागे आठ-दहा पिल्लं असतात. त्यांतली निम्मी जगली तरी दिवाळीनंतर दहाचं खुराडं वीसचं झालेलं असतं आणि लिटरभर पाण्याचं दोन लिटर. ऑनलाइन मिळणाऱ्या सुबक लाकडी घरांवर ‘१० ते १२ कोंबड्यांसाठी’ असं लिहिलेलं असतं. लांबी-रुंदी मोजून पाहिलीत तर त्यातली बहुतेक चारांची निघतात. तेव्हा तयार घर घेऊ नका. फेब्रुवारीत गावच्या सुताराला किंवा वेल्डरला बोलवा, आज हव्यात त्याच्या दुप्पट कोंबड्या धरून माप द्या, मे संपायच्या आत छप्पर घाला, आणि पहिला मोठा पाऊस पडून आत थेंब येत नाही हे पाहिल्यावरच पक्षी आणा.